नावाआधी दोन बोटं जागा

शुक्रवार पेठ, सोलापूर
४ नोव्हेंबर २०२४

चि. धनूस,

आत्याचा आशीर्वाद. मोबाइलच्या जमान्यात कोण पत्र लिवतं, म्हणून शेजारच्या बाया मला हसत्यात. हसू देत. घरात फोन एकच, कोनाड्यातला जुना, आणि तो मी मोकळा ठेवलाय. तुझ्या मामांना, म्हणजे आमच्या ह्यांना, तेवढाच नंबर पाठ हाय. सात वर्षांमागं श्रावणात भांड्यांची पोती टेम्पोत घालून मंद्रूपच्या बाजाराला निघाले, जिन्यातनं म्हणाले, "येतो गं." येतो म्हणून गेलेला माणूस येणारच की. मी कुणाशी बोलत बसले आणि नेमका त्याच घडीला त्यांनी फोन लावला तर? म्हणून तूबी करायचा न्हाय. शपथ घातलीय, इसरू नको.

लिवायला कारण आमचा विरेश. पोटचा पोरगा, पण ह्या येळेला मी डोक्यात राख घालून बसलेय. मठात जेवणाचा नवा हॉल झालाय. देणगी दिलेल्यांच्या नावाची संगमरवरी फरशी महाशिवरात्रीला बसवायची. विरेशनं बापाच्या नावानं देणगी दिली, ते बरं केलं. पण कारागिराला परस्पर सांगून आला, अप्पांच्या नावाआधी "लिं." घाला. लिंगैक्य! म्हणजे गेले म्हणायचं! अगं, कुणी बघितलं? ना इभूत लावली, ना खड्ड्यात बसवलं, ना स्वामींनी डोक्यावर पाय ठेवला, आणि एकदम लिंगैक्य?

मी तडक गेले त्या कारागिराकडं. सिद्धनाथ नाव त्याचं. म्हटलं, "श्री. कोर." तो म्हणतो, "मावशी, मुलगा एक सांगतो, तुमी एक सांगता. दगडावर खोडरबर चालत न्हाय. मी जागा सोडतो, तुमचं घरात ठरलं की सांगा." आणि सोडली की गं त्यानं! बाकी सगळ्यांच्या नावाआधी काय ना काय हाय. ह्यांच्या नावाआधी दोन बोटं जागा, कोरी.

तू जुन्या राजांच्या न् देवांच्या पदव्या वाचायची नोकरी करतीस. विरेश तुझं ऐकतो. त्याला लिही, की जित्या माणसाला मेलेल्याची पदवी लावत न्हाईत.

बाकी ठीक. संध्याकाळचा जिना वाजतोय हल्ली. उंदीर असतील.

तुझी आत्या,
चंद्रव्वा


बर्लिन
२१ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,

धनूचा साष्टांग नमस्कार. आमच्या संग्रहालयातल्या सरांनी तुझ्या पाकिटावरचं "चि." बघून विचारलं, हे काय? मी सांगितलं, चिरंजीव, म्हणजे खूप जगणारी. मग मी तुला लिहिते ते "ती." काय, म्हणाले. तीर्थस्वरूप. मग कै., मग आपलं लिंगैक्य. सर हसून म्हणाले, "तू हे काम इथं येऊन शिकलीस असं वाटतंच नाही."

खरंच नाही शिकले. मामांच्या दुकानात शिकले. लग्नसराईत गिऱ्हाईक भांडी घ्यायचं, आणि मामा ते नाव घालायचं यंत्र कुर्र कुर्र करत विचारायचे, "नावाआधी काय घालू? सौ.? श्रीमती? कै.च्या स्मरणार्थ?" मी शेजारी पाटावर. एका वाटीवर त्यांनी "कु. धनलक्ष्मी" घालून दिलं होतं. ती वाटी इथं माझ्या टेबलावर आहे.

आमच्या इजिप्तच्या दगडांवर पदव्यांचा नुसता पाऊस आहे गं. राजा म्हणजे "बोरू आणि मधमाशीचा धनी". एक अधिकारी "राजाचा एकमेव सोबती", एक "गुपितांवर नेमलेला", आणि एक तर राजाची नखं कापणाऱ्यांचा मुकादम, तेही त्यानं मोठ्या मानानं कोरून घेतलंय! मेलेल्यांना ते "पश्चिमेकडचे" म्हणत, कारण सूर्य तिकडे बुडतो. त्यांचा देव, ओसायरिस, "पश्चिमेकडच्यांचा म्होरक्या". आणि मेलेल्या माणसाच्या नावाला जोडायची पदवी म्हणजे "माआ-खेरू", ज्याची वाणी खरी ठरली तो. देवापुढं त्याचा न्याय झाला, तो खरा निघाला, असा अर्थ.

कधी कधी जिवंत माणसंही ही पदवी आधीच लावून घेत, म्हणून मी विरेशला काय लिहू कळेना. माझ्यापुढं सध्या असा दगड आहे, ज्यावर सगळ्या पदव्या आधी कोरून ठेवल्यात आणि नावाची जागा रिकामी आहे. तयार माल, घेणारा आलाच नाही. तुझ्या फरशीवर नेमकं उलटं आहे.

विरेशवर फार रागावू नको. जिन्यात उंदरांचं औषध ठेव.

तुझी,
धनू


शुक्रवार पेठ, सोलापूर
९ डिसेंबर २०२४

चि. धनूस,

विचारलं काय न् सांगितलंस काय! राजाची नखं कापणारा मला काय करायचाय? तुझ्यासारखी शिकलेली माणसं ना "व्हय" म्हणत्यात, ना "न्हाय".

विरेश येऊन गेला परवा. मी बोल बोल बोलले. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आई, मला अप्पांसाठी एकदा रडायचंय. सात वर्षं तू मला रडू देत न्हाइस." आणि चहा तसाच ठेवून गेला. त्यापेक्षा भांडला असता तर बरं झालं असतं.

आता खरं सांगते. गेल्या पत्रात उंदीर लिवलं, ते तू भिशील म्हणून. उंदीर खोकत न्हाईत धनू.

तुला आठवतं का, तुझे मामा घरात शिरताना खाली जिन्यात दोनदा खोकायचे. त्यांच्या आईनं लावलेली सवय, घरात बायका असत्यात, डोक्यावरचा पदर सरकलेला असतो, पुरुषानं आधी वर्दी द्यायची. लग्न झाल्यापासनं रोज ऐकलंय मी ते. फरशीवर ती जागा सोडली, त्याच आठवड्यापासनं दिवेलागणीला जिना वाजतो. एक, दोन, तीन पायऱ्या. मग दोनदा खोकला. मग काय न्हाय. मी वरनं आपल्या कानडीत विचारते, "यारु? कोण?" ते ओ देत न्हाईत. खाली जाऊन बघितलं तर कोण नसतं. पायरीवर हात लावला तर पायरी गरम.

मला भ्या वाटत न्हाय. आपल्या माणसाचं कसलं भ्या? पण जीव तुटतो. मी इचार केला, हे वर का येत न्हाईत? मग ध्यानात आलं. जित्ते म्हणून यावं का मेलेले म्हणून यावं, हे त्यांनाच कळंना झालंय. आमी मायलेकरांनी त्यांना त्या दोन बोटं जागेत अडकवून ठेवलंय. तिसऱ्या पायरीवर तांब्या भरून ठेवते. सकाळी पाणी तेवढंच असतं.

विरेशला ह्यातलं काय बोलू नको. दवाखान्यात नेऊन दाखवंल मला.

तुझी आत्या,
चंद्रव्वा


बर्लिन
२३ डिसेंबर २०२४

ती. आत्यास, सा. न.

पत्र दोनदा वाचलं. आत्या, लाकूड आहे ते. थंडीत जुनं लाकूड वाजतं. खाली गल्लीतलं कोणी खोकत असेल. तू थोडे दिवस विरेशकडं जाऊन राहा ना. मी हात जोडते.

तू म्हणशील, मुद्द्याचं बोल. बोलते. तू "व्हय का न्हाय" विचारलंस. मला माहीत नाही, आत्या. मामा आहेत की नाहीत, हे मला माहीत नाही. विरेशला माहीत नाही. तुलाही नाही. म्हणून मी त्याला काही लिहिलेलं नाही.

तुझं मन रमावं म्हणून इथलं एक सांगते. आमच्या दगडांवर शेवटी जाणाऱ्या-येणाऱ्याला विनवणी असते: "जिवंत माणसांनो, इथून जाताना माझं नाव घ्या. त्यात खर्च काही नाही, नुसता तोंडचा वारा आहे." त्यांचा विश्वास असा, की नाव घेतलं की माणसाला बळ येतं, वाट मिळते. पदव्या शंभर असोत, नाव कुणीतरी तोंडानं घ्यावं लागतं. आणि घरात मेलेल्या माणसाची काही लुडबुड वाटली, तर ते त्याला चक्क पत्र लिहीत. मातीच्या वाडग्यात आतून गोल गोल लिहायचं, वर खाणं ठेवायचं. तो खायला वाकला की वाचणारच! मामांना हे आवडलं असतं. म्हणाले असते, बघ, भांड्यावर लिहिणं म्हणजे लहान काम नव्हे.

मला रात्रंदिवस तुझीच काळजी लागली आहे. फोन करायची परवानगी दे. एकदाच.

तुझी,
धनू


शुक्रवार पेठ, सोलापूर
१६ जानेवारी २०२५

चि. धनूस,

परवानगी न्हाय म्हणून लिवायला बसणार हुते. पण आता लिवायचं लई दुसरंच झालंय. सांगते, नीट वाच.

तुझं पत्र आलं, त्यात ते नावाचं लिवलेलं. मी तेवढंच परत परत वाचलं. धनू, ह्या घरात त्यांचं नाव कोण घेतं? विरेश अप्पा म्हणायचा. तू मामा. गिऱ्हाईक मालक म्हणायचं, गडी शेटजी. मी "अहो". उभ्या जन्मात मी त्यांचं नाव एकदाच घेतलं, लग्नात, उखाण्यात, तेबी बायांनी दार अडवलं म्हणून. फरशीवर दगडानं घेतलं असंल तेवढंच. मग त्यांना बळ कुटनं येणार?

काल किंक्रांत. दिवा लावला आणि ठरवलं, आज घ्यायचंच. जिना वाजला. तिसऱ्या पायरीवर थांबले. मी उंबऱ्यात उभी. तोंड उघडलं, पण नाव येईना गं! नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, हे लहानपणापासनं ऐकलेलं. आणि तेवढ्यात मागं कोनाड्यात फोन वाजला.

सात वर्षांत विरेश सोडला तर त्या फोनवर कुणाचा फोन आला न्हाय, आणि विरेश तर तिळगूळ द्यायला आलेला, त्या येळेला माझ्यासमोर खाली गल्लीत गाडी लावत हुता. मी पळत जाऊन उचलला. "यारु?" म्हटलं. कोण बोललं न्हाय. नुसता श्वास. तोंडचा वारा म्हणतीस तू, तसा. मला कळलं. आणि नाव आपोआप आलं.

"ईरप्पा," म्हटलं मी. "ईरप्पा, मी चंद्री."

मग बोललेच. कुटं हायसा, जेवलासा का, गुडघा दुखतो का अजून. तुमच्या पोराला रडायचंय, मी त्याला रडू दिलं न्हाय. जित्ते असाल तर वर या, जिन्यात उभं राहू नका परक्यासारखं. नसाल तर नसलेलं सांगा. मला आता दोन्हीकडनं वाट बघवत न्हाय. ते काय बोलले न्हाईत. पण रडत हुते, धनू. मी त्यांना उभ्या आयुष्यात रडताना ऐकलं नव्हतं, श्वास कसा अडकत अडकत येत हुता. तवाच मला उमगलं, हे आता न्हाईत. मग मी डोळं पुसलं आणि म्हटलं, "तुमी येतो म्हणून गेलासा, म्हणून अडकलासा. आता मी म्हणते. जावा."

तिकडनं दोनदा खोकले. नेहमीसारखे. मग फोन बंद झाला.

विरेश वर आला तवा मी फोन हातात धरून बसले हुते. त्याला म्हटलं, "रड बाबा." तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला, चाळिशीचा बाप्या.

उद्या सिद्धनाथकडं जाणार हाय.

तुझी आत्या,
चंद्रव्वा


बर्लिन
१ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास, सा. न.

पत्र मिळालं. सिद्धनाथकडं लगेच जाऊ नको, असं लिहिणार होते, पण पत्र पोचेपर्यंत तू जाऊन आलेली असशील. जिना अजून वाजतो का, तेवढं कळव.

इथं बर्फ आहे. काम ठीक चाललंय. मला जास्त लिहवत नाही आज.

तुझी,
धनू


शुक्रवार पेठ, सोलापूर
२७ फेब्रुवारी २०२५

चि. धनूस,

काल महाशिवरात्रीला फरशी बसली. "लिं." कोरताना मी सिद्धनाथच्या पुढ्यात उभी हुते. त्यानं छिन्नी लावायच्या आधी तीनदा विचारलं, "मावशी, नक्की ना?" म्हटलं, "नक्की. माझ्याशी बोलून गेलेत ते." त्यानं कपाळाला हात लावला न् कोरलं. आता बाकीच्या नावांत त्यांचं नाव बरोबर बसतं, येगळं दिसत न्हाय.

मंगळसूत्र मी स्वतः काढून देव्हाऱ्यात ठेवलं. कुणी हात लावायचा न्हाय म्हटलं. स्वामींनी नावानं पूजा घातली, पंगत उठली. विरेशनं स्वतः वाढलं. गव्हाच्या खिरीची हुग्गी केली हुती, त्यांना लई आवडायची.

जिना वाजत न्हाय आता. त्या किंक्रांतीपासनं एकदाबी न्हाय. पहिले चार दिवस बरं वाटलं. नंतर घर लई मोठं वाटाया लागलं. पण हे असं असायचंच.

आता पत्राचा खटाटोप करू नको. रविवारी फोन करत जा. फोन मोकळा हाय.

तुझी आत्या,
चंद्रव्वा


बर्लिन
१५ एप्रिल २०२५

......... ईरप्पा मामा,

तुमच्या नावाआधी काय लिहावं ते मला कळलं नाही. ती. लिहिलं तर आत्याची फरशी खोटी, लिं. लिहिलं तर माझंच मन खातं. म्हणून मीही जागा सोडली आहे.

हे पत्र मी "कु. धनलक्ष्मी" घातलेल्या त्या वाटीत ठेवणार आहे, वर थोडा गूळ. हसू नका.

मामा, किंक्रांतीला फोन मी केला होता.

आत्याचं ते जिन्याचं पत्र आल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. शपथ मोडली. इथं दुपार होती. म्हटलं, आवाज ऐकायचा आणि "मी धनू" म्हणून शिव्या खायच्या. पण तिनं फोन उचलला आणि मी बोलणार तोच तुमचं नाव घेतलं. आत्यानं! मी तिच्या तोंडून ते कधी ऐकलेलं नव्हतं. माझा आवाजच फुटेना. मग ती बोलत गेली, आणि मी रडत ऐकत राहिले, तोंडावर हात दाबून. मध्येच "आत्या, मी आहे" म्हणायला हवं होतं. कळत होतं मला. पण ती म्हणाली, "नसाल तर नसलेलं सांगा," आणि मी गप्प बसले. मामा, माझ्या गप्प बसण्याला तिनं तुमचं उत्तर समजलं. त्यावरच विसंबून ती दगडावर कोरवून आली.

पत्रात सांगावं म्हणून तीनदा बसले. नाही जमलं. आता ती जेवते, झोपते, विरेशकडं राहायला जाते, त्याच्या पोरांना दटावते. हे मी तिच्याकडून कुठल्या तोंडानं काढून घेऊ? आणि तुम्ही जिवंत असाल तर? कुठं तरी, स्वतःचं नाव विसरून, कुणाच्या ओट्यावर बसला असाल तर? तुम्हाला मेलेलं लिहायला लावणारी मी आहे. मी रोज अशा पदव्या वाचते, पण कुणाला लावली नव्हती आजवर.

एवढंच असतं तर मी पोटात ठेवलं असतं. पण आत्यानं लिहिलंय, शेवटी तुम्ही दोनदा खोकलात.

खोकला मीही ऐकला. मला वाटलं, रडून आत्याला ठसका लागला. तेवढ्यात फोन बंद झाला. मी ठेवला नव्हता. गेल्या रविवारी फोनवर सहज केल्यासारखं विचारलं, "आत्या, तेव्हा तुला खोकला झाला होता का गं?" ती म्हणाली, "मला कुटला खोकला? ते खोकले की."

मामा, मी खोकले नव्हते.

आता दर रविवारी मी फोन लावते आणि तिकडून उचलला की घाईघाईनं आधी मीच बोलते, "धनू बोलतेय, धनू." आत्या चिडवते, म्हणते, जर्मनीत राहून लई बडबडी झालीस. क्षणभरही गप्प राहायची हिंमत होत नाही मला.

तुम्ही पश्चिमेकडचे झाला असाल, तर तुमची वाणी खरी ठरो. माझ्यावर रागावू नका, आणि तिचा जिना आता वाजवू नका. आणि झाला नसाल, कुठं असाल, तर नंबर तोच आहे. रविवार सोडून फोन मोकळा असतो.

तुमची,
धनू